ही हजेरी नाही

प्रति,
भारताचे महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
नवी दिल्ली.

महोदय,

२०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक म्हणून सोलापुरात घरोघर फिरले. शाळेतल्या आम्हा सगळ्याच शिक्षकांना ते काम होतं. माझ्या वाट्याला सेटलमेंटच्या बाजूच्या दोन गल्ल्या आल्या. एका घरात ऐंशीच्या आसपासची एक आजी बाजेवर बसली होती. मी पिशवीतून फॉर्म काढले, मांडीवर पॅड ठेवलं आणि म्हणाले, "आजी, नाव सांगा." ती भिंतीला धरून उठली. डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हजर हाय."

मी दोनदा "बसा" म्हणाले, तरी ती बसेना. तिचा नातू ओशाळला. "कागद दिसला की असंच करती ती," म्हणाला.

मला त्याने समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याच समाजातली, कैकाडी. माझी आजीही त्याच तारेच्या आत राहिलेली. सोलापूरबाहेरच्या माणसाला 'सेटलमेंट' हे एखाद्या वसाहतीचं साधं नाव वाटेल. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची ती जागा. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काटेरी तार, दिवसा गिरणीतलं काम आणि रात्री नाव पुकारलं की "हजर" म्हणणं असा होता. बाळंतपणाला माहेरी जायचं तर पास लागे. आजी सांगायची, तापाने फणफणलेल्या माणसालाही हजेरीला धरून उभं करावं लागे, कारण तो आजारी आहे की पळाला हे पुस्तकात वेगळं लिहीत नसत.

त्या आजीच्या नावापुढे मला जातीचा एकच प्रश्न भरायचा होता: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, की दोन्ही नाही. सोलापूर जिल्ह्यातला कैकाडी या दोन्हींत बसत नाही. मी 'दोन्ही नाही' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी पेठेतल्या एका मोठ्या वाड्यात गेले, तिथल्या मालकांच्या नावापुढेही तीच नोंद केली. जन्मापासून विशीपर्यंत सरकारने जिला रोज मोजलं, जातीच्या नावाने मोजलं, ती म्हातारी साठ वर्षांनी सरकारच्या कागदावर कुणीच नव्हती. आणि ती नोंद माझ्या हातची होती. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात विचारण्याचा निर्णय घेतला. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून कधी बाहेर आलेच नाहीत, त्यामुळे २०२७ ची मोजणी आमच्यासाठी किती मोठी आहे हे आपल्याला सांगायला नको. माझी मागणी अशी, की जातीचं नाव लिहून घेतल्यावर त्याच्या शेजारी आणखी एक नोंद असावी: हे कुटुंब विमुक्त (म्हणजे एके काळी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या) किंवा भटक्या समाजातलं आहे का? ही मागणी माझ्या एकटीची नाही, आमच्या संघटना ती कधीपासून करत आहेत. मी फक्त तिच्यामागचं नैतिक कारण मला कसं दिसतं ते मांडते. राखीव जागांचे टक्के आणि योजनांचे पैसे यांवर पुष्कळ बोललं जातं. मुळात एखाद्या समूहाला समूह म्हणून हक्क का असावा, यावर आमच्यातही फार कमी बोलतात.

या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. भला माणूसही तो विचारतो. भूक माणसाला लागते, समाजाला लागत नाही. शाळेतून मुलगी गळते, जमात गळत नाही. मग मदत त्या माणसाची गरज बघून करावी, त्याच्या कुळाचं नाव कशाला विचारावं? माझ्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत निघायचा. विचारणाऱ्यांत माझ्या मैत्रिणी होत्या आणि त्यांच्या मनात खोट नव्हती. तीस वर्षांत मला जे उत्तर सापडलं, ते १८७१ च्या कायद्यातच आहे.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. देशाची पहिली जनगणनाही त्याच सुमाराची, १८७२ ची. लोकांना नावानिशी मोजायला शिकलेल्या सरकारने त्याच दिवसांत काही नावांवर ठपकाही ठेवला. कायद्याची रचना अशी होती: सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरवली, की तीच अधिसूचना पुरावा. तिच्या खरेपणाबद्दल कुठल्याही कोर्टाने प्रश्न करायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. जमातीतल्या माणसाने काय केलं, हा प्रश्न उरतच नव्हता. तो जन्मला होता, एवढं पुरे होतं. सुरुवातीला उत्तरेकडे लागू असलेला हा कायदा १९११ च्या नव्या रूपात सगळ्या देशाला लावता येऊ लागला, १९२४ साली पुन्हा एकत्र बांधला गेला, आणि त्यात सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. सहा वर्षांचं मूल कुठला गुन्हा करून बसलं असेल?

(त्याच १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता. त्यांचीही यादी होती. आमच्या कहाणीत त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे घेते.)

आता स्टाफरूममधल्या प्रश्नाचं उत्तर. आम्हाला शिक्षा झाली तेव्हा कुणी एकेका माणसाची चौकशी केली नव्हती. पोलिसाने उत्पन्न विचारलं नाही, हुशारी विचारली नाही, चारित्र्य विचारलं नाही. जमात विचारली. नुकसान जमातीच्या नावावर झालं, तर भरपाईच्या वेळी "जमात विसरा, एकेकटे या आणि आपापली गरज सिद्ध करा" असं म्हणता येत नाही. ज्या नावाने घेतलं त्याच नावाने परत द्यावं लागतं. आमच्या समूहाच्या हक्काचा पाया माझ्या मते एवढाच आहे. आमची संस्कृती फार थोर आहे म्हणून, आमचं रक्त एक आहे म्हणून किंवा आम्ही संख्येने जास्त आहोत म्हणून मी तो मागत नाही. हे दावे खरे असोत की खोटे, त्यांच्यावर हक्क उभा राहत नाही.

आणि आमचं रक्त एक नाहीच. महाराष्ट्राच्या मूळ यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती, म्हणून आमच्याकडे 'बेचाळीस जमाती' म्हणायची पद्धत पडली. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची. वडारांची बोली तेलुगूच्या. आम्ही कैकाडी घरात जे बोलतो ते तमिळच्या कुळातलं. २००१ च्या जनगणनेने कैकाडीचे आकडे तमिळच्या शीर्षकाखालीच दिले आहेत. पारध्यांची देवी वेगळी, आमची वेगळी. यांच्यात रोटीव्यवहार अलीकडचा, बेटीव्यवहार आजही नाही. गोपाळ डोंबाऱ्याला आपला म्हणत नाही, आणि आम्ही टोपल्या विणणारे दगड फोडणाऱ्या वडाराकडे माझ्या लहानपणी खालच्या नजरेने बघायचो, हेही मला लिहिलंच पाहिजे. मग 'विमुक्त-भटके' हा समूह आला कुठून? तो बाहेरून बांधला गेला. वेशीवर अडवणाऱ्या पाटलाने, रात्री पालावर येणाऱ्या हवालदाराने आणि चोरी झाली की आधी आमच्याकडे वळणाऱ्या नजरेने तो बांधला.

ही नजर कायद्याबरोबर गेली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. देशभरातून तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, इतर राज्यांतही तसेच आले, आणि जमातीवरचा ठपका माणसाच्या अंगावर सरकला. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर तो २०२४ पर्यंत जिवंत होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देऊन तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, आणि त्यात विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही आल्या. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठेचून मारलं. डवरी गोसावी काही १८७१ च्या कायद्यातल्या यादीतले नव्हेत. ते भिक्षेकरी, गळ्यात माळ, हातात डवर. पण अनोळखी, फाटका आणि बिनगावचा एवढं दिसलं की नजर कुणाला वेगळं करत नाही. मरणाऱ्यांनी खिशातली ओळखपत्रं दाखवली असती, तरी त्या दिवशी ती कुणी वाचली नसती. विमुक्त आणि भटके एका रकान्यात का, असं मला कुणी विचारलं तर मी राईनपाड्याचं नाव सांगते.

आता आमची ओळख सरकारच्या याद्यांत कशी फाटलेली आहे ते बघा. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ सेटलमेंटमधून सुटून अकोल्याकडे गेला तो १९५० च्या आधीच. त्याची नातवंडं अनुसूचित जातीत मोडतात. आम्ही सोलापूरकर विमुक्त जाती 'अ' मध्ये, आणि दिल्लीच्या यादीत इतर मागास. एकाच बापाच्या दोन मुलांच्या वंशाची ही गत. कारण काय, तर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या यादीत कैकाडी होते. मुंबई राज्याच्या यादीत नव्हते. १९५६ ला विदर्भ इकडे जोडला गेला, याद्या मात्र जोडल्या गेल्या नाहीत. त्या यादीत आजही अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर असे जिल्हे आहेत, आणि चंद्रपुरातून राजुरा तालुका वगळलेला आहे. राजुऱ्यातल्या कैकाड्याने काय वेगळं केलं? काही नाही. राजुरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यातला होता. बंजाऱ्यांचंही तेच: तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त. राजांच्या आणि इंग्रजांच्या सीमारेषा आमच्या पोरांच्या दाखल्यावर अजून उमटतात.

रेणके आयोगाने २००८ साली देशातल्या विमुक्त-भटक्यांची संख्या साडेदहा कोटींच्या वर असावी असा अंदाज दिला. पुढे इदाते आयोगाला अडीचशेहून जास्त समाज असे आढळले, की जे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास यांपैकी कुठल्याच यादीत नाहीत. केंद्राने २०२२ साली आमच्यासाठी 'सीड' योजना काढली, पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये. साडेदहा कोटी लोकांत वाटले तर माणशी वर्षाला चार रुपयेही येत नाहीत. पण मी रकमेवर रागावत नाही. ज्यांची मोजणीच झालेली नाही त्यांच्यासाठी रक्कम ठरवणाऱ्याने ती कशावरून ठरवावी?

माझ्या वर्गात एक मुलगी होती, नंदीवाल्यांची. वडील बैल घेऊन फिरायचे, ती आजीजवळ राहून शिकली. बारावीला चांगले गुण पडले, नर्सिंगला जायचं होतं. जातीचा दाखला काढायला मी तिच्याबरोबर गेले. भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ चा आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब इथलं रहिवासी होतं याचा पुरावा हवा. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "आजोबा १९६१ ला कुठे राहत होते?" ती म्हणाली, "फिरत होते." तो म्हणाला, "गावाचं नाव सांग." तिने सात-आठ गावांची नावं सांगितली, ज्या क्रमाने आजोबा फिरायचे त्या क्रमाने, आषाढापासून. तिला वाटलं, एवढी गावं सांगितली म्हणजे पुरावा भक्कम झाला. तो दाखला वेळेत मिळाला नाही. खुल्या जागेची फी भरणं त्यांना शक्य नव्हतं.

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने नियम वाचून दाखवला. पण त्या नियमाने एका भटक्या माणसाला तू भटका आहेस हे सिद्ध करण्यासाठी तू स्थिर होतास याचा कागद मागितला. आमच्याविरुद्ध वापरायचं होतं तेव्हा सरकारची एक अधिसूचना पुरली, कोर्टानेही तिला हात लावायचा नव्हता. आम्हाला काही द्यायची वेळ आली तेव्हा साठ वर्षांमागचा कागद आम्ही शोधायचा. पुराव्याचं ओझं असं एका पारड्यातून दुसऱ्यात टाकणं हाच मूळचा अन्याय आहे, आणि तो चालू आहे. नुकसान सरकारने केलं, तर नोंद शोधण्याची जबाबदारीही सरकारची हवी.

जनगणनेतून दाखला मिळत नाही हे मला ठाऊक आहे. जनगणना कायदा १९४८, कलम १५: प्रगणकाने भरलेली माहिती कुणाला पाहता येत नाही, ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. मला दाखला नकोच आहे. मला संख्या हवी आहे. आणि ते कलम १५ मला फार मोलाचं वाटतं, कारण आमच्या लोकांना यादीची भीती आहे. यादीत नाव गेलं म्हणजे उद्या पोलिस दारात, हे आमच्या हाडात भिनलंय. पोलिसाच्या हाती कधीच न जाणारी यादीही सरकार करतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. ती मला म्हणाली, "आई, तू जन्मभर तो शिक्का पुसत राहिलीस, आणि आता फॉर्मवर स्वतःहून तोच मागतेस?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. तिच्या सोबतच्या कुणाला तिची जात माहीत नाही आणि ती सांगत नाही. तो तिचा हक्क आहे. मी दोन दिवसांनी तिला फोन केला. म्हटलं, शिक्का मारणारा आपलं नाव आपल्याला न विचारता लिहितो. इथे आपण विचारल्यावर सांगायचं आहे, आणि सांगायचं नसेल तर 'नाही' म्हणायचं आहे. म्हणून माझी दुसरी मागणी अशी, की ही नोंद माणसाने स्वतः सांगितलेलीच असावी. प्रगणकाने चेहरा, आडनाव, पाल किंवा गाढव बघून ती भरू नये. देव कोणते, लग्नात विधी काय, असं विचारून जमात ओळखायची जी रीत जात पडताळणीत रुजली, ती निर्णायक मानता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. जनगणनेच्या दारात तर ती येताच कामा नये. कुणी सांगितलं नाही म्हणून संख्या थोडी कमी भरली, तरी मला चालेल. माझ्या मुलीला जबरदस्तीने मोजून मिळालेली मोठी संख्या मला नको.

यातूनच मी एका अवघड जागी येते. समूहाचा हक्क म्हणजे समूहाच्या पंचांचा हक्क, असं आमच्यातल्या काही जणांना वाटतं. जातपंचायतींनी आमच्या बायकांचं काय केलं ते मी लहानपणापासून पाहिलंय. उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणं, दंड, वाळीत टाकणं, मुलीच्या लग्नाच्या रात्रीची तपासणी. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी २०१७-१८ मध्ये कौमार्य चाचणीविरुद्ध उघड आवाज उठवला, तेव्हा त्यांना मिळालेलं उत्तर होतं: आमच्या परंपरेत बाहेरच्यांनी पडू नये. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला, आणि तो करावा लागला यातच सगळं आलं. मुंबई राज्याने असाच एक कायदा १९४९ साली केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: समाजातून काढण्याचा अधिकार हा धर्माच्या कारभाराचा भाग मानला गेला. समूहाचा हक्क प्रमुखाच्या हाती दिला की त्याचं काय होतं, ते त्या निकालात दिसतं.

माझा पाया मात्र वेगळा आहे, आणि म्हणून माझी वाटही वेगळी जाते. हक्क आला अन्यायातून, परंपरेतून आला नाही. अन्याय सोसला तो तारेच्या आतल्या प्रत्येक जीवाने: बाईने, पोराने, म्हाताऱ्याने. मग हक्कही त्या प्रत्येकाचा. पंच त्यात मध्ये कुठे येतो? सेटलमेंटमध्ये हजेरी द्यायला माझी आजी स्वतः उभी राहत होती, तिच्या वतीने पंच उभा राहत नव्हता. म्हणून मोजणीतही तिचं उत्तर तिनेच द्यावं. प्रगणकाने वस्तीच्या मुकादमाला किंवा पंचाला विचारून सगळ्या पालांचे फॉर्म एका ठिकाणी बसून भरू नयेत. हे घडतं, मी पाहिलंय, आणि घाईत असलेल्या शिक्षकाला ते सोयीचं वाटतं.

आमच्यात सगळे सारखे नाहीत, हेही मोजणीने उघड व्हावं. महाराष्ट्रात आमचे चार तुकडे आहेत: विमुक्त ३ टक्के, भटक्या जमाती 'ब' अडीच, 'क' साडेतीन, 'ड' दोन. प्रत्येक तुकड्याच्या आत ज्यांच्याकडे जमीन, शाळा आणि आमदार आहेत ते पुढे सरकतात, आणि मसणजोगी तिथेच राहतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींच्या आत वर्गीकरण करता येतं असं म्हटलं. ते वर्गीकरण आकड्यांशिवाय कुणी करू शकत नाही, आणि आमच्यातल्या लहानात लहान समाजाचे आकडे कधी कुणी काढलेच नाहीत. म्हणून जातीचं नाव पोटनावासकट लिहावं. फासेपारधी, राजपारधी, पालपारधी हे कायद्याच्या कागदावर वेगळे आहेत, त्यांना एकाच 'पारधी' शब्दात गुंडाळू नका.

आता कामाचं बोलते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री आम्ही बेघरांची मोजणी केली. मी बसस्थानक, देवळाचा ओटा आणि पुलाखालची जागा अशी फिरले. शहराबाहेर माळावर पालं होती, ती कुणाच्याच मोजणीच्या गटात नव्हती. नकाशावर तिथे मोकळी जमीन दाखवलेली. मी पर्यवेक्षकांना सांगून गेले, पण तोवर निम्मी पालं उठली होती. पहाटे निघायचं म्हणून त्यांनी गाढवांवर सामान लादलेलं. फेब्रुवारीत अर्धा तांडा उसाच्या फडावर, कोपीत. वीटभट्टीवर वडार. यात्रांच्या मागे डोंबारी. ज्यांचं घर बंद दिसेल त्यांना 'घराला कुलूप' लिहून पुढे जाऊ नका. ते आहेत, फक्त तिथे नाहीत. साखर कारखान्यांकडे टोळ्यांच्या याद्या असतात, भट्टीमालकांकडे मजुरांच्या असतात. त्या ठिकाणी प्रगणक नेमता येतील.

प्रगणकांच्या प्रशिक्षणात अर्धा तास यासाठी द्या. त्यांना सांगा, की पालावर गेल्यावर आधी खाली बसा, मग कागद काढा. पहिलं वाक्य हे असू द्या: "ही हजेरी नाही, पोलिसांचा याच्याशी संबंध नाही, तुम्ही बसा." आमच्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना हे वाक्य मराठीत कळेल, पण कैकाडीत, गोरबोलीत, वडारीत, पारध्यांच्या बोलीत ध्वनिफीत करून दिलंत तर जास्त पोचेल. ते बोलून द्यायला आमच्यातले शिकलेले तरुण पैसे न घेता येतील.

आणि मोजणीच्या आधी आम्ही सगळे भेटतो अशी एक जागा आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. कैकाडी, वडार, बेलदार, आणखी कितीतरी, लांबलांबून जनावरं घेऊन येतात. मोजणीच्या आधीची पौष पौर्णिमा जानेवारीत आहे. त्या दिवशी आपल्या खात्याने तिथे एक मंडप टाकावा, नवा फॉर्म दाखवावा, कलम १५ मोठ्याने वाचून दाखवावं आणि पुढच्या महिन्यात कुणाचा मुक्काम कुठे असेल ते विचारून गटांच्या नकाशात भरावं. कुणी सांगणार नाही असं वाटत असेल, तर माझ्या विद्यार्थिनीने आजोबांची सात-आठ गावं कशी क्रमाने सांगितली ते आठवा. आमच्याकडे पत्ता नसतो, पण फेरी ठरलेली असते.

मी त्या बाजाराला दर वर्षी जाते, यंदाही जाणार आहे. आपली माणसं आली, तर कुठली पालं कुणाची आणि कुणाशी आधी बोलावं ते मी दाखवीन.

आपली,
सोलापुरातली एक निवृत्त शिक्षिका,
२०११ ची प्रगणक